गच्चीवरचं सफरचंद, अंगणातला कढीपत्ता

२६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. १९५० पासूनच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. त्याआधी, एप्रिल २०१९ मध्ये, पुण्यातला पारा ४३ अंशांवर गेला होता. अशा घटनांचा अर्थ शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. आता तो गच्चीत, गॅलरीत किंवा घरामागच्या तुकड्यात बाग करणाऱ्यांनाही कळू लागला आहे. लावणीच्या तारखा चुकतात, कळ्या गळतात, कुंड्या भर मे महिन्यात पाण्याने तुंबतात. त्याच वेळी रोपवाटिकांत ड्रॅगन फ्रूट, ॲव्होकॅडो आणि कमी थंडीत येणारे सफरचंद सहज मिळू लागले आहे. हवा बदलते आहे, तर बागेतली झाडेही बदलावीत का?

या प्रश्नावर दोन मते आहेत आणि दोन्ही बाजूंना मनापासून बाग करणारी माणसे आहेत. ती मते इथे एका मावशीच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी घातली आहेत. मावशी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, पुण्यातल्या जुन्या घराचे अंगण सांभाळणारी. भाचा इंजिनिअर, इमारतीच्या गच्चीवर ड्रममध्ये फळझाडे लावणारा.

भाचा: मावशी, या वेळी तू गच्चीवर येच. सफरचंदाला फुलं आली आहेत, पुण्यात! ‘एचआरएमएन-९९’ हे वाण आहे. हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी ते तयार केलं. त्यांचा भाग काही किन्नौरसारखा बर्फाळ नाही, उन्हाळ्यात चांगला तापतो. तिथे ते फळलं आणि मग देशभर गेलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मावशी: हरिमन शर्मांचं काम मोठंच आहे. पण फुलं यावीत म्हणून तू काय काय केलंस, ते सांग.

भाचा: डिसेंबरमध्ये पाणी कमी केलं, उरलेली पानं हाताने काढली, हलकी छाटणी केली. मग खत देऊन पाणी सुरू केलं.

मावशी: म्हणजे ताण देऊन बहार धरलास. डाळिंबाला आणि पेरूला आपले शेतकरी हेच करतात. सफरचंदाला ही विश्रांती मुळात थंडी देते. तुझ्या वाणाला थंडी कमी पुरते हे खरं, पण पुण्यात तेवढीही भरवशाची नाही, म्हणून तिचं काम तू हाताने केलंस. झाड इथल्या हवेत रुळलंय असं मी अजून म्हणणार नाही. ते तुझ्या मेहनतीवर उभं आहे.

भाचा: असू दे की. घरच्या बागेचं बळच ते आहे. शेतकऱ्याचे दोन एकर फसले तर तो कर्जात जातो. माझा एक ड्रम फसला तर माती तरी उरते, ती पुन्हा वापरता येते. नवं काही करून बघायला याहून सुरक्षित जागा कुठली? १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, असं केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. ते पुढे आणखी वाढणार. मग उष्ण देशात जन्मलेली झाडं आतापासूनच लावून बघितलेली काय वाईट?

मावशी: इथेच माझं तुझ्याशी पटत नाही. हवामान बदलतंय म्हणजे पुण्याचं हळूहळू मेक्सिको होणार, असं तू धरून चालला आहेस. तसं होत नाहीये. सरासरी कागदावर असते, झाडाला प्रत्येक दिवस काढावा लागतो. ४३ अंशांची दुपार, मे महिन्यातला धो धो पाऊस, डिसेंबरातली उबदार रात्र, सगळं त्याला एकाच जागी उभं राहून सोसावं लागतं. कोकणात हापूसचं काय चाललंय बघ. मोहोराला थंड रात्री लागतात. थंडी लांबली की मोहोर लांबतो. मोहोर असताना ढग दाटले किंवा पाऊस पडला की तुडतुडे आणि करपा ठरलेले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे असलेलं झाड गोंधळतंय, मग बाहेरून आणलेल्या झाडाने काय करावं?

भाचा: मी हाच मुद्दा उलट बाजूने मांडतो. आपली झाडंही गोंधळत असतील, तर नुसतं देशी असून भागणार नाही. मग झाड जन्मगावावरून का निवडायचं? गुणावरून निवडू. ड्रॅगन फ्रूट घे. ते दिवसा खोडावरची रंध्रं मिटून घेतं आणि रात्रीच्या गारव्यात उघडतं, त्यामुळे त्याच्यातलं पाणी फार कमी उडतं. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिथे मुरमाड, उथळ जमिनीत त्याच्यावर काम झालंय. सांगली-सोलापूरच्या कोरड्या भागातल्या शेतकऱ्यांनी ते उगाच लावलेलं नाही.

मावशी: आणि एप्रिलमध्ये त्याचं काय होतं?

भाचा: उन्हाकडची बाजू पिवळी पडते, मग पांढुरकी होते. फारच भाजली तर तिथून कुजायला लागते. म्हणून मी शेडनेट बांधतो.

मावशी: निवडुंग असून असं का होतं, याचा विचार कर. हे निवडुंग वाळवंटातलं नाही. मध्य अमेरिकेतल्या जंगलात ते झाडांच्या खोडांना मुळ्यांनी धरून सावलीत वर चढतं. त्याला पाणी कमी चालतं, पण भर उन्हात उघड्यावर उभं राहणं त्याला मानवत नाही. नुसता देश बघून झाड आणलं की हे आपल्या लक्षात येत नाही. त्या देशात ते कुठे आणि कोणाच्या आधाराने उभं असतं, ते बघायला हवं.

भाचा: म्हणजे खांबापेक्षा त्याला झाडच द्यावं?

मावशी: देऊन बघ. कोकणात मिरीचा वेल सुपारीवर चढवतातच ना? अंगणातल्या शेवग्याची विरळ सावली त्याला पुरेल. शेंगा तुला मिळतील, आधार त्याला मिळेल, आणि शेडनेटचा खर्च वाचेल.

भाचा: हे मी नक्की करीन. पण मावशी, तू एकदा ते फुलताना बघ. संध्याकाळी दिवेलागणीनंतर कळी सैल व्हायला लागते. रात्री दहाच्या सुमाराला वीतभराहून मोठं पांढरं फूल पूर्ण उघडतं, आत पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुपका, आणि त्यातून बाहेर डोकावणारी, टोकाला ताऱ्यासारखी फुटलेली कुक्षी. सकाळी ऊन चढलं की ते मिटायला लागतं. काही वाणं स्वतःच्या परागावर फळत नाहीत. म्हणून मऊ ब्रशने दुसऱ्या वाणाचे पराग आणून त्या कुक्षीवर लावायचे. हात लागला तरी पराग बोटांवर पिठासारखे उतरतात.

मावशी: तिकडे हे काम रात्री उडणारे मोठे पतंग आणि वटवाघळं करतात. इथे तू करतोस.

भाचा: पहाटे मधमाश्याही येतात.

मावशी: येतात, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण फुलावर खाऊन जाणं वेगळं आणि झाडावर वंश वाढवणं वेगळं. माझ्या कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतं. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून कोणी तिच्याकडे फिरकत नाही. मोठी झाली की पानाच्या रंगाची हिरवी होते. तिला काडीने डिवचलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हिला कढीपत्ता, लिंबू, बेल याच कुळातलं पान लागतं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखरू केलं, त्या राणी पाकोळीची अळीही याच कुळावर वाढते. शिंपी आणि बुलबुल आपल्या पिलांना अळ्याच भरवतात. ज्या बागेत कुठलीच अळी पान कुरतडत नाही, तिथे त्यांनी पिलांना काय भरवायचं?

भाचा: पण हे देश-परदेशाच्या रेषेवर बसत नाही. सीताफळ अमेरिका खंडातून पोर्तुगीज काळात आलं, असं तूच मला शिकवलंस. आणि ‘टेल्ड जे’ हे आपलं हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू सीताफळावर आरामात वाढतं.

मावशी: बरोबर आहे. कारण रस्त्याकडेला उंच वाढणारा हिरवा अशोक आणि सीताफळ एकाच कुळातले. फुलपाखराने देश पाहिला नाही, कुळ पाहिलं. म्हणून बाहेरच्या झाडांतही ज्याचे सगेसोयरे इथे आहेत, त्याला मी पहिली पसंती देईन.

भाचा: मग माझा ॲव्होकॅडो पास झाला. तो दालचिनीच्या कुळातला.

मावशी: कुळाच्या परीक्षेत पास झाला. पाण्याच्या परीक्षेत काय?

भाचा: तिथे त्रास होतो, खरं आहे. त्याला कोरडं ठेवलेलं चालत नाही आणि साचलेलं पाणीही चालत नाही. गेल्या मे महिन्यातल्या पावसात ड्रमची भोकं बुजली असती तर मुळं कुजलीच असती. उन्हाळ्यात बोअरचं पाणी दिलं की पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात.

मावशी: ते क्षार. ॲव्होकॅडोला ते अजिबात सोसत नाहीत. म्हणजे त्याला गोडं पाणी हवं, आणि तेही नेमकं अशा दिवसांत, जेव्हा निम्म्या शहरात टँकर फिरत असतात. उन्हाळ्यात ज्याला पिण्याच्या प्रतीचं पाणी द्यावं लागतं, ते झाड बदलत्या हवेचं उत्तर कसं होईल? माझ्या अंगणात जांभूळ आहे, बकुळ आहे, कुंपणाला करवंद आहे. एकदा मुळं खोल गेली की यांना मी उन्हाळ्यातही क्वचित पाणी देते. बाकीच्यांना भाजी धुतलेलं पाणी आणि बुंध्याशी वाळक्या पानांचं जाड आच्छादन. तेवढ्याने माती गार राहते. हवा तापली म्हणून झाड बदलायच्या आधी बुंध्याजवळची माती झाकून बघावी.

भाचा: आच्छादन मीही करतो. आणि ॲव्होकॅडो एकच ठेवीन, दुसरा लावणार नाही. पण मला एक सांग, तुझ्या अंगणातला देवचाफा कुठला? निशिगंध कुठला? दसऱ्याच्या तोरणातला झेंडू तर मेक्सिकोचा. आणि वर्षातून एकदा फुलतं म्हणून शेजाऱ्यांना रात्री जागवून आपण जे ‘ब्रह्मकमळ’ दाखवतो, त्याचा हिमालयातल्या ब्रह्मकमळाशी काही संबंध नाही. तेही मेक्सिकोकडचं निवडुंग, माझ्या ड्रॅगन फ्रूटचं नात्यातलं. हे सगळे देव्हाऱ्यापर्यंत पोचले, मग माझ्याच ड्रमला आडकाठी का?

मावशी: तुझ्या झाडांना माझी आडकाठी नाही. झेंडू आला, रुळला आणि शेताच्या बांधाबाहेर फारसा गेला नाही. मिरची, पेरू, चिकू यांच्याशिवाय तर आपला स्वयंपाक आणि बाजार अडेल. पण या यादीत दुसरी नावंही घाल. घाणेरी १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून कोलकात्याच्या बागेत आली. आज वाघांच्या अधिवासातलं ४० टक्क्यांहून जास्त जंगल तिच्या विळख्यात आहे. ती माजली की खालचं गवत मरतं आणि चितळ-सांबरांचा चारा जातो. जलपर्णीही सुंदर जांभळ्या फुलांसाठी आणली गेली. आज पवना आणि मुळा-मुठेच्या पात्रातून ती यंत्रांनी काढावी लागते. सोसायट्यांच्या लॉनकडेला लावलेली पिवळ्या फुलांची वेडेलिया, पुण्याच्या आसपासच्या माळांवर पसरलेला केशरी कॉसमॉस, सगळे बागेतूनच सुटलेले. रस्त्यांच्या दुभाजकावर हौसेने लावलेल्या कोनोकार्पसवर गुजरात सरकारला २०२३ मध्ये बंदी घालावी लागली. यातलं प्रत्येक झाड आणणाऱ्यालाही तेव्हा असंच वाटलं असेल, की एवढं सुंदर, एवढं काटक झाड, याने काय बिघडणार?

भाचा: काटक असणं हाच गुण आणि हाच दोष, असं म्हणायचंय तुला?

मावशी: हो. आणि हवामान बदलताना तर जास्तच. बाहेरच्या झाडाला पूर्वी थंडी किंवा कोरडेपणा रोखत असे. तो अडसर सैल झाला की आज कुंडीत शहाण्यासारखं वागणारं झाड उद्या माळावर मोकाट सुटू शकतं. म्हणून बी कशाने पसरतं, हे आधी विचारायचं. पक्षी खातात? वाऱ्याने उडतं? तोडून टाकलेला तुकडा मातीत पडला तर मूळ धरतो?

भाचा: ड्रॅगन फ्रूटचा तुकडा धरतो. छाटणीचे तुकडे मी ओल्या कचऱ्यात टाकत आलोय.

मावशी: ते आता कापून, पूर्ण वाळवून मगच टाक. आणि झाडाबरोबर काय येतं, तेही बघ. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्याकडे तो २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि दोन वर्षांत पुण्यापर्यंत आला. जास्वंदीची शेंड्याकडची पानं आक्रसलेली, देठावर कापसासारखे पांढरे पुंजके, आणि त्यांचा गोड चिकटा चाटायला खोडावर वर-खाली करणाऱ्या मुंग्यांची रांग. हे दृश्य तेव्हा दारोदार होतं. औषधं मारून तो हटत नव्हता, कारण अंगावरच्या मेणचट पिठातून औषध आत जात नाही.

भाचा: मग तो आटोक्यात कसा आला? परदेशी गांधीलमाशीनेच ना! २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून एक चिमुकली परजीवी माशी आणून सोडली. म्हणजे परदेशी रोगावर परदेशीच औषध.

मावशी: आणि ती कशी आणली? बंगळुरूच्या संस्थेत बंदिस्त ठेवून, दुसऱ्या कोणाला खाते का हे तपासून, मगच सोडली. मला एवढंच म्हणायचंय. बाहेरचं येऊच नये असं नाही, तपासून यावं. झाडं आणि बियाणं आयात करायला आपल्या देशात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. २००३ चा त्याबद्दलचा स्पष्ट आदेश आहे. तरी लोक परदेशातून येताना सामानात फांद्या दडवून आणतात. एका फांदीत असा एखादा पिठ्या ढेकूण असला तर त्याची किंमत हजारो शेतकरी मोजतात.

भाचा: यात माझं तुझ्याशी काहीच दुमत नाही. इंग्लंडमध्ये ताईकडे कढीपत्ता आहे, तोही तिने तिथल्याच नर्सरीतून घेतला. जुलै २०२२ मध्ये तिकडे पारा ४० अंशांच्या वर गेला, तेव्हा आजूबाजूची हिरवळ करपली आणि तिचा कढीपत्ता मात्र टवटवीत होता. पण हिवाळ्यात तो घरात घ्यावा लागतो.

मावशी: बघ, उन्हाळा तापला तरी तिथला हिवाळा गेलेला नाही. कढीपत्ता तिचं माहेरपण जपतो, ते मला मोलाचं वाटतं. तो कुंडीत आहे आणि थंडीत तिच्यावर अवलंबून आहे, म्हणजे कुंपण आपोआपच आहे. पाहुण्या झाडाला असंच ठेवावं. पण बागेचा कणा तिथल्या मातीतला असावा.

भाचा: मग माझी एक विनंती. तू अंगणातल्या झाडांची वही ठेवतेस, कोणतं कधी फुललं, कधी पान गळलं. माझ्या गच्चीचीही तशीच वही करू. सफरचंद, ड्रॅगन फ्रूट, ॲव्होकॅडो आणि त्यांच्या शेजारी तुझं करवंद आणि कढीपत्ता. त्याच उन्हात, त्याच पावसात. कोण किती पाणी पितो आणि कोण तग धरतो, ते वहीच सांगेल.

मावशी: हे मला मान्य आहे. आणि वहीत माझ्या झाडांची हार दिसली, तर तीही लिहायची.

दोघांचा वाद इथे थांबतो, निकाल मात्र द्यायला हवा. भाच्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. बदलत्या हवेत नवे करून बघणारे हात लागतात, आणि घरची बाग ही त्यासाठी कमीत कमी जोखमीची जागा आहे. सरकारी प्रयोगशाळा गल्लीगल्लीत पोचू शकत नाही, बाग करणारा पोचू शकतो. पण माझा कौल मावशीकडे झुकतो. हवा तापते आहे, एवढेच दूर देशातले झाड लावायला पुरेसे कारण नाही. आपल्यापुढचे संकट उष्णतेइतकेच लहरीपणाचे आहे. ४३ अंश आणि मे महिन्यातला मुसळधार पाऊस ही दोन्ही टोके जे झाड थोड्या पाण्यावर सोसेल, तेच बदलत्या हवेचे झाड. अशी झाडे आपल्या परिसरात बरीच आहेत. जांभूळ, करवंद, बकुळ, बहावा, शेवगा रोपवाटिकेच्या मागच्या रांगेत स्वस्तात मिळतात आणि आपण ती ओलांडून पुढच्या रांगेकडे जातो.

परदेशी रोप विकत घेण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. त्याचे बी किंवा तुकडा कुंपणाबाहेर जाऊन रुजेल का? ऐन उन्हाळ्यात त्याला किती आणि कोणते पाणी लागेल? ते रोप परवानाधारक रोपवाटिकेतले आहे की कुणाच्या सामानातून आलेले? आणि इथल्या माश्या, अळ्या, पक्षी यांपैकी कोणाला त्याचा उपयोग आहे? पहिल्या किंवा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाईट असेल तर ते रोप घेऊच नये, मग ते कितीही देखणे असो. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मनाजोगी नसली तरी हौसेने एखादे झाड लावायला हरकत नाही. मात्र ते एकच असावे आणि कुंडीतच राहावे.

या पावसाळ्यात तुम्ही तीन झाडे लावणार असाल तर दोन इथल्या मातीतली लावा. तिसरे खुशाल दूर देशातले लावा. तिन्हींच्या तारखा, पाणी, फुले आणि कीड वहीत लिहून ठेवा, आणि ती वही शेजाऱ्याला वाचायला द्या.